१०० बेकरेल की १,०००? अन्नातल्या किरणोत्साराची मर्यादा ठरते कशी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तासगाव भागात तुमचा बेदाणा आहे, सोबत सांगलीच्या सौद्यातून घेतलेली थोडी हळद. जपानच्या ग्राहकाने सीझियम (अणुअपघातात बाहेर पडणारा किरणोत्सारी पदार्थ) किलोमागे १०० बेकरेलच्या आत हवं असं लिहिलं. दुसऱ्या ग्राहकाने कोडेक्सचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांचा, १,००० चा आकडा पाठवला. युरोपचा एक जुना कागद ६०० म्हणतो. तिन्ही आकडे ‘सुरक्षित’ कसे असू शकतात, आणि उद्या आपल्याच देशात अणुभट्टीचा अपघात झाला तर आपल्या पोरांच्या ताटाला यांतला कोणता आकडा लावणार?

दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे, पण तो समजायला आधी पहिला सोडवावा लागतो. गोंधळाचं मूळ असं की आपण या आकड्याकडे विषाच्या मात्रेसारखं बघतो. ९९ ला चालतं आणि १०१ ला माणूस आजारी पडतो, असं काही इथे नसतं. बेकरेल म्हणजे सेकंदाला एका अणूचा क्षय. शरीराला किती झळ बसली ते मिलिसीव्हर्टमध्ये मोजतात. मर्यादा ठरवणारा माणूस सुरुवात मिलिसीव्हर्टपासून करतो आणि उलटं गणित मांडत बेकरेलपर्यंत येतो. त्या वाटेवर त्याला तीन-चार गृहीतकं धरावी लागतात. आकड्यांतला फरक त्या गृहीतकांतून येतो.

हे गणित कागदावर करून बघा. वर्षाला अन्नातून १ मिलिसीव्हर्टपेक्षा जास्त जाऊ द्यायचं नाही, असं ठरवलं. प्रौढ माणूस वर्षाला ५५० किलो अन्न खातो असं धरलं. सीझियम-१३७ चा एक बेकरेल पोटात गेला की प्रौढाला ०.०००००००१३ सीव्हर्ट मिळतो (याला गुणांक म्हणतात), म्हणजे एक मिलिसीव्हर्ट व्हायला सुमारे ७७,००० बेकरेल लागतात. सगळंच्या सगळं अन्न दूषित असेल, तर ७७,००० भागिले ५५० म्हणजे किलोमागे १४०. निम्मं अन्न दूषित असेल तर २८०. दहा टक्केच दूषित असेल तर १,४००. पदार्थ तोच, माणूस तोच, धोका तोच. फक्त ‘ताटातला किती भाग दूषित’ या एका उत्तराने आकडा दहापट हलला.

कोडेक्सचा आकडा शेवटच्या रांगेतला. ती मर्यादा आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी आहे. अपघात दुसऱ्या देशात झाला, तिथून आलेला माल तुमच्या एकूण खाण्याच्या दहा टक्के, असं त्यात धरलं आहे. १,४०० ला खाली वळवून गोल १,००० केलं. अर्भकांसाठी वर्षाला २०० किलो अन्न आणि त्यांचा वेगळा गुणांक धरूनही १,००० ला मात्रा साधारण ०.४ मिलिसीव्हर्ट येते, प्रौढांना ०.७.

जपानने १ एप्रिल २०१२ पासून लावलेला १०० चा आकडा स्वतःच्याच देशातल्या अपघातासाठी, म्हणजे फुकुशिमासाठी आहे. लोक मुख्यतः देशातलंच खातात, म्हणून बाजारातलं निम्मं अन्न दूषित धरलं. वयोगटांचं खाणं वेगवेगळं मांडलं आणि सगळ्यांत कडक उत्तर १३ ते १८ वर्षांच्या मुलग्यांसाठी आलं, कारण ते खातात भरपूर. ते उत्तर होतं १२०. ते १०० वर आणलं. तुम्ही म्हणाल, वरच्या गणितात निम्म्याला २८० आलं होतं, मग १२० कसं? एक तर सीझियमचाच दुसरा प्रकार, सीझियम-१३४, सोबत होता आणि त्याचा गुणांक जास्त आहे. शिवाय स्ट्रॉन्शियम, प्लुटोनियम, रुथेनियम या इतर किरणोत्सारी पदार्थांची झळ स्वतंत्र न मोजता सीझियमच्या आकड्यात सामावून घेतली. दूध आणि बाळांच्या अन्नाला ५०, कारण तिथे निम्मं नव्हे, सगळंच दूषित असू शकतं असं धरलं. पिण्याच्या पाण्याला १०.

युरोपचा ६०० हा १९८६ च्या चेर्नोबिल अणुअपघातानंतर बाहेरून येणाऱ्या मालाला लावलेला आकडा, दूध आणि बाळांच्या अन्नाला ३७०. युरोपने पुढच्या अपघातासाठी आधीच ठरवून ठेवलेला आकडा मात्र वेगळा आहे: सर्वसाधारण अन्नाला १,२५०. अमेरिकेचा १,२०० आहे, पण तिथे मुळात ५ मिलिसीव्हर्ट धरून दूषित वाटा ३० टक्के मानला आहे. १,२५० आणि १,२०० शेजारी शेजारी दिसतात म्हणून त्यांचं तर्कशास्त्र एक आहे असं समजू नका.

आता १ मिलिसीव्हर्टच का, हा प्रश्न. तिथून पुढे रोग सुरू होतो म्हणून नव्हे. मात्रा जितकी, तितक्या प्रमाणात कर्करोगाची शक्यता वाढते असं धरूनच किरणोत्सार संरक्षणाचं सगळं काम चालतं, आणि त्या रेषेला तळाशी पायरी नाही. १ मिलिसीव्हर्ट ही सर्वसाधारण जनतेसाठी वर्षाची मान्य केलेली मर्यादा आहे, समाजाने पत्करलेली एक खूण. या शास्त्रातला हा भाग निर्णयाचा आहे, मोजणीचा नाही, आणि तो लोकांपासून लपवू नये असं मला मनापासून वाटतं. महाराष्ट्राने हा वाद जवळून पाहिला आहे. चेर्नोबिलनंतर आयर्लंडहून आलेल्या लोण्यावरून मुंबईत न्यायालयात दाद मागितली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथे तज्ज्ञांची समिती नेमली गेली, आणि अणुऊर्जा नियामक मंडळाने ठरवलेल्या मर्यादेच्या आतलं अन्न खाण्यास हरकत नाही हे तिचं मत १९८८ मध्ये न्यायालयाने स्वीकारलं. ‘मर्यादेच्या आत’ म्हणजे ‘शून्य’ नव्हे, हा त्या वादाचा गाभा होता. जाता जाता सांगतो: सीझियम पाण्यात विरघळतं, स्निग्धांशात जात नाही. लोणी काढताना त्याचा बहुतेक भाग ताकात राहतो, आणि लोणी कढवून तूप केलं की त्यात जवळजवळ काहीच उरत नाही.

मर्यादा काळाप्रमाणे बदलते, हेही लोकांना खटकतं. जपानने १७ मार्च २०११ ला घाईने लावलेली तात्पुरती मर्यादा धान्य, भाजी, मांस, मासे यांना ५०० आणि दूध-पाण्याला २०० होती, ५ मिलिसीव्हर्टवर आधारलेली. वर्षभराने ती पाचपट कडक झाली. म्हणजे पहिल्या वर्षी लोकांना फसवलं का? नाही. पहिल्या काही आठवड्यांत मर्यादा फार खाली ठेवली तर दुकानं रिकामी होतात, बाळांचं दूध तुटतं, माणसं हलवण्याची धावपळ वाढते, आणि त्या सगळ्याचीही किंमत माणसंच देतात. पुरवठा सावरला की मर्यादा खाली आणायची, ही पद्धत बरोबर आहे. अट एकच: दोन्ही वेळा हिशेब उघड मांडायचा. ‘काल ५०० चालत होतं, आज १०० का?’ याचं उत्तर आधीच दिलेलं नसेल, तर पुढचा कोणताही आकडा लोक मानत नाहीत.

उलट दिशेचं उदाहरण नॉर्वेचं. १९८६ मध्ये, चेर्नोबिलनंतर, तिथे सर्वसाधारण मर्यादा ६०० होती. रेनडियर दगडफूल खातात आणि दगडफूल पडलेलं सीझियम धरून ठेवतं, त्यामुळे मांस हजारोंत गेलं. ६०० ला चिकटून राहिले असते, तर तिथल्या सामी या आदिवासी लोकांचा रेनडियरचे कळप राखण्याचा धंदा आणि त्यासोबत त्यांचं जगणंच संपलं असतं. त्या वर्षी नोव्हेंबरात रेनडियरच्या मांसाची मर्यादा ६,००० केली, १९९४ मध्ये ३,००० वर आणली. ऐकायला भयंकर वाटतं, पण गणित करा. शहरातला माणूस वर्षाला अर्धा किलो खाईल, तर ६,००० लाही त्याला ०.०४ मिलिसीव्हर्ट मिळतो. तेच मांस वर्षाला १०० किलो खाणाऱ्या कळप राखणाऱ्याला मात्र ७.८ मिलिसीव्हर्ट देईल. म्हणून त्या कुटुंबांना वेगळा आहारसल्ला आणि वेगळी मोजणी द्यावी लागली. माण-खटावच्या धनगर वाड्यांचा विचार करताना हे उदाहरण मनात ठेवा. सरासरी माणसासाठी ठरवलेला आकडा त्या वस्तूवरच जगणाऱ्याचं रक्षण करत नाही.

आतापर्यंत सीझियमबद्दल बोललो. पहिल्या महिन्यात खरा शत्रू आयोडीन-१३१ असतो, आणि त्याची वाट दुधातून जाते: गवत, गाय, दूध, मुलाची थायरॉइड ग्रंथी. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, ८ दिवस. ऑक्टोबर १९५७ मध्ये इंग्लंडात विंडस्केलच्या अणुभट्टीला आग लागली तेव्हा दुधातल्या आयोडीनसाठी तयार मर्यादाच नव्हती. ती ऐन वेळी बसवली, लिटरला ३,७०० बेकरेल, आणि सुमारे ५०० चौरस किलोमीटरमधलं दूध ओतून दिलं. वर्षाच्या बाळाने रोज अर्धा लिटर असं दूध घेतलं आणि फक्त नैसर्गिक क्षय धरला, तर एकूण सुमारे २१,००० बेकरेल पोटात जातात आणि थायरॉइडला ७५ मिलिसीव्हर्टच्या आसपास मात्रा मिळते. कोडेक्सची आजची आयोडीनची मर्यादा १०० आहे, ती का, हे यावरून कळतं. चेर्नोबिलच्या भागात दूध वेळेत थांबलं नाही. बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित प्रदेशांत त्या वेळी लहान असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे ६,००० हून जास्त रुग्ण नोंदले गेले, आणि त्यांतला मोठा वाटा या दुधाचा होता. वाईट याचं वाटतं की आयोडीनवरचा उपाय अवघड नाही. ते दूध पावडर करून तीन महिने बाजूला ठेवलं, तर ८० दिवसांत दहा अर्धायुष्यं होतात आणि आयोडीन हजारपट उतरतं. सीझियम-१३७ ला ही युक्ती चालत नाही, त्याचं अर्धायुष्य ३० वर्षांचं.

आता तुमच्या मालाकडे. वाळवलेल्या पदार्थांत सगळ्यात जास्त चूक होते. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. पाणी उडतं, सीझियम उडत नाही. द्राक्षात २५ असेल तर बेदाण्यात १००. जो पदार्थ भिजवून किंवा शिजवून खातात त्याची मर्यादा खाण्याच्या अवस्थेला लावतात, पण बेदाणा वाळलेलाच खातात. जपानच्या नियमात तर बेदाण्यासारख्या पदार्थांना कच्चा माल आणि तयार माल, दोन्ही अवस्थांत १०० लागू आहे. म्हणजे त्या ग्राहकासाठी तुमच्या बागेतल्या द्राक्षाची खरी मर्यादा २५ झाली. करारावर सही करण्याआधी आकडा कोणत्या अवस्थेचा आहे ते लेखी घ्या.

हळदीचं उलट. कोडेक्समध्ये मसाल्यांसारख्या अगदी थोड्या खाल्ल्या जाणाऱ्या पदार्थांना मर्यादा दहापट सैल करता येते. आपल्या घरात माणशी रोज तीन ग्रॅम हळद धरली तरी वर्षाला किलोभर होते. १०,००० बेकरेलची हळद वर्षभर खाल्ली तरी ०.१३ मिलिसीव्हर्ट. म्हणून ही सवलत मला योग्य वाटते. पण खासगी ग्राहक ती मान्य करेलच असं नाही. तो १०० म्हणाला तर त्याच्यासाठी १००.

मोजणीबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण खरा माल इथेच विनाकारण अडकतो. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये नैसर्गिक पोटॅशियम-४० चे सुमारे ३१ बेकरेल असतात. किलोभर बेदाण्यात साडेसात ग्रॅम पोटॅशियम, म्हणजे २३० बेकरेल. वर द्राक्षं वाळवण्याआधी बुडवताना डिपिंग ऑइलसोबत वापरलेल्या पोटॅशियम कार्बोनेटचा उरलेला अंश वेगळा. हळदीत २० ते २५ ग्रॅम पोटॅशियम, म्हणजे ६२० ते ७७५. हे अपघाताशी संबंधित नाही. तुमच्या स्वतःच्या शरीरात याचे चार हजारांवर बेकरेल आहेत, आणि शरीर पोटॅशियमची पातळी स्थिर राखत असल्याने जास्त खाल्लं तरी ती मात्रा वाढत नाही. पण एखाद्या प्रयोगशाळेने फक्त ‘एकूण बीटा’ (कोणत्या घटकाचे ते न बघता सगळे बीटा किरण) मोजून कागद दिला, तर तुमची निर्मळ हळद जपानच्या मर्यादेच्या सहापट दिसेल. त्यामुळे गॅमा स्पेक्ट्रोमेट्री, म्हणजे गॅमा किरणांच्या ऊर्जेवरून प्रत्येक घटक वेगळा ओळखणारी मोजणी मागा, आणि सीझियम-१३४ व सीझियम-१३७ चे आकडे वेगवेगळे मागा. ऑनलाइन मिळणारं गायगर यंत्र पोत्यावर धरून १०० बेकरेल दिसत नाहीत. त्यावर पैसे घालवू नका.

गॅमातही दोन तऱ्हेची यंत्रं असतात. सोडियम आयोडाइडचं यंत्र स्वस्त आणि जलद, पण त्याला जवळच्या रेषा, म्हणजे जवळजवळ सारख्या ऊर्जेचे किरण, वेगळे दिसत नाहीत; दुसरं, जर्मेनियमचं यंत्र ते वेगळे दाखवतं. हळकुंडाला चिकटलेल्या मातीत युरेनियम-थोरियमच्या साखळीतले घटक असतातच. त्यांतल्या बिस्मथ-२१४ ची रेषा ६०९ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला, सीझियम-१३४ ची ६०५ ला. ॲक्टिनियम-२२८ ची ७९५ ला, सीझियम-१३४ ची दुसरी ७९६ ला. सोडियम आयोडाइडचं यंत्र दोन्ही एकत्र करतं आणि कागदावर खोटं सीझियम-१३४ उमटतं. ओळखायची खूण सोपी आहे: सीझियम-१३४ चं अर्धायुष्य दोन वर्षांचं, आणि अपघातात ते १३७ सोबतच येतं. रिपोर्टमध्ये १३४ आहे पण १३७ नाही, असं असेल तर जर्मेनियमच्या यंत्रावर पुन्हा मोजायला सांगा. उलट, १३७ एकटंच थोडंसं दिसलं तर ते बहुधा १९५० ते ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांचं जुनं अवशेष असतं.

‘आढळले नाही’ हे दोन शब्द एकटे निरर्थक आहेत. किती बेकरेलपर्यंत यंत्राला दिसतं तो आकडा शेजारी हवा. जपानच्या छाननी पद्धतीत तो २५ किंवा त्याहून कमी लागतो. मी १० च्या आत मागायला सांगेन, म्हणजे वाद उरत नाही. मोजणीचा वेळ चौपट केला की ही मर्यादा साधारण निम्म्यावर येते, म्हणून दर कमी आणि दहा मिनिटांत रिपोर्ट, असं कोणी म्हणालं तर सावध व्हा.

सॅम्पल काढताना एकाच बॉक्समधून घेऊ नका. लॉटमधल्या पंधरा किलोच्या वेगवेगळ्या बॉक्समधून, वरून-मधून-खालून थोडा थोडा घेऊन दोन किलो जमवा, मिसळा आणि त्यातला अर्धा सीलबंद करून स्वतःकडे ठेवा. वाद झाला की तोच कामी येतो. बेदाणा भांड्यात तसाच भरला तर फटी राहतात आणि आकडा चुकतो, आणि दळायला गेलं तर त्याचा गोळा होतो. आधी कोल्ड स्टोरेजच्या तापमानाला आणा, मग बारीक करा. भांड्याला आतून नवीन प्लॅस्टिक पिशवी लावलेली असावी आणि वजन भरतानाच्या अवस्थेतलं नोंदवावं. रिपोर्टवर सॅम्पलचं वजन, मोजणीची तारीख, अनिश्चिततेचा आकडा नसेल तर तो परत पाठवा. निर्यातीसाठी असे दाखले वाशीच्या विकिरण व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाकडून, म्हणजे ब्रिटकडून मिळतात. आणि लासलगावला कांदा-आंब्यावर कोबाल्टच्या किरणांची प्रक्रिया करतात त्याच्याशी याची गल्लत करू नका. प्रक्रिया केलेला माल किरणोत्सारी होत नाही, ग्राहकाने विचारलं तर तसं ठामपणे सांगा.

आता आपल्याकडे अपघात झाला तर. कोणता आकडा लागेल हे अपघात किती मोठा, वारा कुठला, पाऊस पडला का, हंगाम कोणता, यावर ठरेल. पण कोडेक्सचा दहा टक्क्यांचा आधार तेव्हा चालणार नाही. जतच्या वस्तीवरचं कुटुंब स्वतःच्या शेतातली ज्वारी, घरच्या म्हशीचं दूध आणि परड्यातली भाजी खातं, त्याच्या ताटात दूषित वाटा शंभर टक्के असू शकतो. त्या कुटुंबासाठी वरच्या गणितात १४० येतं, आणि सीझियम-१३४ धरलं तर शंभराच्या आसपास. सरकारने बाजारासाठी ५०० लावला, तरी घरचंच खाणाऱ्यांसाठी गावपातळीवर वेगळी मोजणी मागणं हा तुमचा हक्क आहे, आणि ती मागायला हवी.

पहिल्या दिवसांत आकड्याची वाट बघत बसायचं नसतं. जनावरं चरायला सोडायची नाहीत, गोठ्यात बांधायची. अपघाताआधी रचलेली कडब्याची गंज ताडपत्रीने झाकायची, वरचा थर काढून टाकायचा आणि आतला कडबा घालायचा. स्वच्छ वैरण मिळाली की दुधातलं सीझियम काही दिवसांतच उतरायला लागतं. ओला चारा आणि पालेभाज्या बंद. मुलांना आधीची दूध पावडर. उघड्या विहिरीपेक्षा बोअरचं पाणी. शेडमध्ये रॅकवर बेदाणा टाकलेला असेल तर बाजूचे पडदे पाडायचे. उघड्यावर असेल तर तो लॉट वेगळा काढून त्यावर तारीख टाकायची. पुढच्या वर्षांत पिकात किती येईल हे जमिनीवर आहे. चिकणमाती सीझियम घट्ट धरते, पोटॅशियमला भुकेलेली जमीन ते पिकाला देऊन टाकते. फुकुशिमात भाताच्या खाचरांत पोटॅशचं खत टाकून पीक सावरलं. २०१२ च्या हंगामात तिथे कोटभर पोती एकेक करून मोजली आणि १०० च्या वर फक्त ७१ निघाली.

यासाठी आज एक काम करून ठेवता येईल. या हंगामात तुमच्या एका बागेची माती, एका लॉटचा बेदाणा आणि एका गोणीतली हळद जर्मेनियमवर मोजून घ्या आणि तो रिपोर्ट फाइलला लावा. पुढे कधी कोणी तुमच्या मालात सीझियम दाखवलं, तर ते अपघाताचं की अणुचाचण्यांच्या काळापासून मातीत पडलेलं, हे त्या एका कागदाशिवाय सांगता येणार नाही.